हस्ताच्या पावसात पऱ्ह्याचं वय: सड्यापासून सह्यपायथ्यापर्यंत पाच दिवस

पऱ्ह्यांच्या, म्हणजे कोकणातल्या छोट्या ओढ्यांच्या, पाण्याचं वय आणि रसायन मोजण्याच्या या फेरीसाठी ऑक्टोबरचा पहिला आठवडा मुद्दाम धरायचा. मोसमी पाऊस ओसरलेला असतो, हळवी भातं कापणीला आलेली असतात आणि दुपारनंतर सह्याद्रीवर ढग चढून हस्ताची एखादी सर तासाभरात कोसळून मोकळी होते. जुलैत पाऊस थांबतच नाही, त्यामुळे कुठल्या सरीचं पाणी कुठलं ते सुटं करता येत नाही. मेमध्ये बहुतेक पऱ्हे कोरडे पडलेले असतात. हस्तात मात्र एक सर, मग कोरडी रात्र, मग पुन्हा एक सर, असं सुटसुटीत मिळतं.

पाण्याचं वय म्हणजे थेंब जमिनीवर पडल्यापासून पऱ्ह्यातल्या मोजणीच्या जागी पोचेपर्यंत गेलेला काळ. एका पऱ्ह्याला एकच वय नसतं. शिमग्यात पालखीमागे चालणाऱ्यांचं सरासरी वय पस्तीस निघेल, पण त्यात कडेवरचं पोर असतं आणि काठी टेकत आलेले आजोबाही. पऱ्ह्यात तासाभरापूर्वीचं, दोन महिन्यांपूर्वीचं आणि काही वर्षांपूर्वीचं पाणी एकाच वेळी वाहत असतं. रसायन पाहायचं तर सरासरीपेक्षा वाटणी जास्त कामाची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो काळ कोणाच्या संगतीत गेला. दोन वर्षं जांभ्यात काढलेलं पाणी आणि दोन वर्षं काळ्या कातळात काढलेलं पाणी यांची चव वेगळी असते. फेरीचा मार्ग त्याच हिशेबाने आखलेला आहे: आधी रत्नागिरीजवळचा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, मग मारळकडचा घाटपायथा, शेवटी संगमेश्वराजवळची गरम पाण्याची कुंडं.

दिवस पहिला: रत्नागिरीजवळचा सडा

सकाळी निघण्याआधी मीटर जुळवून घ्यायचे. बाजारात ईसी मीटरबरोबर (हा पाण्याची विद्युतचालकता मोजतो, तीवरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो) सहसा १४१३ मायक्रोसीमेन्सचं द्रावण मिळतं. सड्यावरच्या झऱ्यांची चालकता शंभराच्या आत असते, तेव्हा तेवढ्या एका द्रावणावर जुळवलेला मीटर खालच्या टोकाला सहज दहा-पंधरा टक्के चुकतो. ८४ मायक्रोसीमेन्सचं द्रावण वेगळं मागवावं आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर पडताळावं. २५ अंशांची तापमान-दुरुस्ती चालू आहे ना, तेही बघावं. अंशामागे सुमारे दोन टक्क्यांचा फरक पडतो, आणि सकाळचं झऱ्याचं पाणी व दुपारचं उथळ ओहोळाचं पाणी यांत पाच-सहा अंशांचं अंतर असतंच.

सड्याची रचना समजली की अर्धं रसायन तिथेच उलगडतं. वर जांभा. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन याने केरळातल्या अंगाडिपुरमजवळचा असाच दगड पाहून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. विटेसारखा कापता येणारा हा दगड आतून भोकाभोकांचा असतो. त्याखाली काही मीटर पांढरट-जांभळी चिकणमाती, आणि तिच्याखाली मूळ बेसॉल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा कातळ. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून भराभर खाली जातं, चिकणमातीवर अडतं आणि सड्याच्या कडेला, जिथे ही माती उघडी पडते, तिथे झरा होऊन बाहेर येतं. देवराया अनेकदा याच रेषेवर असतात. झरा आणि राई एकत्र दिसली की त्या जागी दगड बदलला आहे असं धरून चालावं.

देवराईत शिरण्याआधी गुरवांना किंवा गावकारांना विचारावं, वहाणा बाहेर काढाव्यात आणि झऱ्याच्या तोंडाशी साबणाचा हात घालू नये. शेवटचा नियम रीतीचा आहे तसाच प्रयोगशाळेचाही.

नमुना घ्यायचा तो पाणी जमिनीबाहेर येतं त्या तोंडाशीच. मातीतल्या हवेत मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट असतो. तो पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होतं, म्हणून तोंडाशी पीएच साडेपाच-सहाच्या आसपास मिळतो. तेच पाणी वीस मीटर खळखळत गेलं की वायू उडून जातो आणि पीएच वर सरकतो. एवढ्या पातळ पाण्यात पीएचची कांडी सुस्त चालते. पाणी न ढवळता पाच ते दहा मिनिटं थांबावं. घाईत घेतलेला पहिला आकडा जवळजवळ नेहमी चुकलेला असतो.

एका जागी चार बाटल्या भरायच्या.

धनआयनांसाठी ६० मिलीची प्लास्टिकची बाटली. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, मग अतिशुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून पीएच दोनच्या खाली आणलेली. क्रम उलटा झाला, म्हणजे आम्ल आधी आणि गाळणी नंतर, तर तरंगती माती आम्लात विरघळून लोह, ॲल्युमिनियम आणि सिलिका खोटे वाढवते. या कामात सर्वांत जास्त होणारी चूक हीच. ऋणआयनांसाठी दुसरी बाटली, गाळलेली पण आम्लाशिवाय. नायट्रिक आम्ल घातलं तर नायट्रेट मोजण्यात अर्थच उरत नाही. सिलिकासाठी काच नको, काच स्वतःच सिलिका सोडते. ही बाटली गोठवायचीही नाही, कारण गोठताना सिलिकाचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि आकडा कमी येतो. चौथी ३० मिलीची छोटी बाटली समस्थानिकांसाठी, म्हणजे पाण्यातल्या हायड्रोजन-ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण मोजण्यासाठी. तिला गाळणी नको, आम्ल नको. फक्त काठोकाठ भरायची आणि पाण्याखालीच झाकण लावायचं, आत बुडबुडा राहता कामा नये.

सड्याच्या झऱ्यात काय सापडतं? कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट नावापुरते, सिलिका थोडा, आणि त्यामानाने सोडियम-क्लोराइड ठळक. कारण जांभा म्हणजे दगडाचं चिपाड. विरघळण्यासारखं सगळं लाखो वर्षांच्या पावसाने आधीच धुऊन नेलं आहे. उरले ते लोह-ॲल्युमिनियमचे ऑक्साइड आणि केओलिन ही पांढरी चिकणमाती. पाणी इथे आठवडा राहिलं काय नि वर्ष राहिलं काय, त्याला देण्यासारखं दगडाकडे फारसं काही नाही.

सोडियम-क्लोराइड येतं ते समुद्रावरून वाऱ्याबरोबर. ते वजा केल्याशिवाय दगडाचा वाटा दिसत नाही. समुद्राच्या पाण्यात वजनाने क्लोराइडच्या ०.५५६ पट सोडियम असतं. झऱ्यात क्लोराइड लिटरला ९ मिलिग्रॅम असेल तर ५ मिलिग्रॅम सोडियम समुद्राचं, वरचं उरलेलं दगडाचं. सड्यावर ही वजाबाकी करून बहुतेकदा शून्याच्या आसपास उरतं.

क्लोराइडकडून आणखी एक काम करून घेता येतं. झाडं पाणी पितात, मीठ मागे ठेवतात. समजा वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं १००० मिलिमीटर झाडांनी व उन्हाने परत हवेत सोडलं, तर उरलेल्या पाण्यात क्लोराइड पावसाच्या दीडपट होतं. झऱ्यात ते याहून बरंच जास्त निघालं तर वय मोजण्याआधी वरच्या अंगाला गोठा, संडासाचा खड्डा किंवा खताचा ढीग आहे का ते बघून यावं.

दिवस दुसरा: देवरूखमार्गे मारळ

रत्नागिरीहून देवरूख आणि तिथून मारळ. मार्लेश्वराच्या अंगाला धारेश्वराचा धबधबा, तिथूनच बावनदी. वर घाटमाथ्यावर चांदोलीचं राखीव जंगल. वनखात्याची लेखी परवानगी हाताशी असल्याशिवाय जंगलात एक नळीही पुरू नये. देवस्थानाच्या पायऱ्यांखालचा प्रवाह कामाचा नाही, कारण भाविकांच्या वर्दळीत अन्न, साबण आणि फुलं पाण्यात जातात. पायऱ्यांपासून दूर, वर वस्ती नसलेला, वीस ते पन्नास हेक्टरांचं पाणी गोळा करणारा एखादा पऱ्ह्या निवडावा. याहून मोठा घेतला तर एका सरीचा परिणाम पसरट होतो, याहून लहान घेतला तर ऑक्टोबरमध्येच आटायला लागतो.

इथे जांभा नाही. काळ्या कातळावर जंगलाची माती, मध्ये कुजत चाललेल्या दगडाचा मऊ थर. मीटर खरं तर इथेच दाखवून देतो: कातळाच्या फटीतून झिरपणाऱ्या पाण्याची चालकता सड्याच्या झऱ्यापेक्षा सरळ वरच्या पट्टीत जाते. बेसॉल्टातली प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीन ही खनिजं कार्बोनिक आम्लात विरघळून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका आणि बायकार्बोनेट देतात. पाणी सुरुवातीला भराभर घेतं, मग भूक मंदावते, आणि एका पातळीला पोचलं की वर्षं गेली तरी आकडा फारसा हलत नाही. रसायनावरून वय वाचायचं असेल तर ते या चढत्या भागातच वाचता येतं. वर सपाट झालेल्या भागात दोन वर्षांचं आणि वीस वर्षांचं पाणी सारखंच दिसतं.

दुपारपर्यंत चार गोष्टी बसवायच्या.

पहिली, प्रवाह मोजायची सोय. पऱ्ह्याला बंधारा घालणं नको असेल तर मीठ टाकून मोजणं सोपं. प्रवाह सेकंदाला दोनशे लिटरच्या आसपास वाटत असेल तर १ किलो मीठ पुरतं. मीठ आधी बादलीत पूर्ण विरघळवून घ्यायचं आणि ती एका झटक्यात ओतायची. प्रवाहाच्या रुंदीच्या वीस-पंचवीसपट खाली मीटर धरून दर पाच सेकंदांनी चालकता लिहायची. मूळ पातळीच्या वरचे सगळे आकडे पाच सेकंदांनी गुणून त्यांची बेरीज, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्र. एक मायक्रोसीमेन्स वाढ म्हणजे लिटरला साधारण अर्धा मिलिग्रॅम मीठ, हा गुणक त्याच पऱ्ह्याच्या पाण्यात मीठ घालून जागेवर पडताळावा. क्षेत्र १०,००० आलं तर मिठाचे दहा लाख मिलिग्रॅम भागिले ५०००, म्हणजे सेकंदाला २०० लिटर. दोन गोष्टी हमखास बिघडतात. मध्ये डोह असेल तर मीठ तिथे रेंगाळतं आणि आलेखाची शेपटी संपतच नाही. दुसरं, मिठागरातलं खडे मीठ ओलं असतं, किलोत शंभर ग्रॅम पाणीच निघू शकतं. तव्यावर कोरडं करून मगच तोलावं. मीठ टाकण्याआधी रसायनाचे नमुने घेऊन ठेवायचे हे सांगायला नको, पण विसरलं जातं.

दुसरी, पाण्याच्या उंचीची नोंद करणारा दाबमापक. तो हवेचा दाबही मोजतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल बदलला की पाणी एक सेंटिमीटर वर-खाली झाल्यासारखं दिसतं, म्हणून दुसरा मापक झाडाला टांगून त्याची वजाबाकी करावी लागते.

तिसरी, पावसाचा नमुना टप्प्याटप्प्याने गोळा करणारं साधन. २० सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्यात एक मिलिमीटर पावसाचं ३१ मिली पाणी येतं. १६० मिलीच्या बाटल्या एकामागून एक भरतील अशा जोडल्या की दर बाटलीत साधारण ५ मिलिमीटर पाऊस. एकच मोठी बाटली ठेवू नये, कारण एकाच सरीत सुरुवातीच्या आणि शेवटच्या पावसाची समस्थानिकं वेगळी असतात. नरसाळं झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, मोकळ्यावर हवं; तोंडावर जाळी, नाहीतर ऐनाचं एक पान सगळं अडवतं. पाणी बाटलीत उघडं राहून उडालं तर जड समस्थानिकं मागे राहतात आणि पाऊस खोटाच जड दिसतो, म्हणून सर थांबली की अर्ध्या तासात बाटल्या बंद.

चौथी गोष्ट सर्वांत किचकट: मातीतलं पाणी ओढून घेणाऱ्या सच्छिद्र चिनीमातीच्या नळ्या. नवी नळी आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावी, नाहीतर पहिले काही नमुने नळीचेच असतात. ३०, ६० आणि १०० सेंटिमीटरवर एकेक. नळी आणि माती यांच्यात हवा राहिली तर कितीही ओढलं तरी थेंब येत नाही. पुस्तकात या फटीत सिलिकाची भुकटी भरायला सांगतात, पण सिलिका हाच आपला मागकाढ्या (पाणी कुठून आलं ते सांगणारा घटक) असताना ती भरणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. त्याच खड्ड्यातली माती चाळून, पातळ चिखल करून ओतावी. सुमारे ६० किलोपास्कलचा ताण देऊन रात्रभर सोडावं. सड्यावर हा प्रकार करूच नये, जांभ्याच्या खड्यांत नळी कधी टेकतच नाही.

संध्याकाळी पाऊस नसताना पऱ्ह्याचा, फटीतल्या झिरपणीचा आणि मातीतल्या पाण्याचा नमुना घेऊन ठेवायचा. उद्याच्या सगळ्या हिशेबाचा पाया हाच. वनराई बंधारे या दिवसांत घातले जाऊ लागतात. खाली बंधारा असेल तर नमुना त्याच्या वरच घ्यावा, साठलेल्या पाण्यातून उन्हाने वाफ झाली की समस्थानिकं पावसाच्या रेषेवरून सरकतात. ती रेषा हार्मन क्रेगने १९६१ मध्ये मांडली: ड्युटेरियमचा (जड हायड्रोजनचा) आकडा म्हणजे ऑक्सिजन-१८ च्या (जड ऑक्सिजनच्या) आकड्याच्या आठपट अधिक दहा.

दिवस तिसरा: सर

सकाळ कोरडी. दुपारी दोन-तीनच्या सुमारास घाटमाथा काळवंडतो आणि तेव्हापासून काम पळायचं.

सुरक्षेचं आधी. सर पऱ्ह्यावर पडत नसेल तरी वर पडत असेल. पाणी गढूळ झालं, पाचोळा आणि काटक्या वाहू लागल्या, आवाज खोल झाला, की पात्रात एक पायही ठेवायचा नाही. सगळे नमुने काठावरून, दोरी बांधलेल्या डब्याने. गमबूट हवेत, जळवांसाठी मिठाची पुरचुंडी हवी, पण ती नमुन्यांच्या पेटीपासून लांब. मिठाची चिमूट बाटलीत गेली तर क्लोराइडचा सगळा दिवस वाया.

पहिल्या थेंबापासून पाणी चढेपर्यंत दर १५ मिनिटांनी, शिखराच्या आसपास दर अर्ध्या तासाने, उतरताना तासाला एक, आणि रात्री तीन-तीन तासांनी. चढती बाजू छोट्या पऱ्ह्यात अर्ध्या-पाऊण तासात संपते, तिथे उशीर झाला की भरून काढता येत नाही. बाटल्यांवरचे क्रमांक आदल्या रात्री घालून ठेवावेत, झाकणावर नव्हे तर बाटलीच्या अंगावर, आणि त्यावर चिकटपट्टी. गढूळ पाण्यात २५ मिलिमीटरची गाळणी दहा-वीस मिलीतच बुजते. आधी काचतंतूच्या जाड गाळणीतून काढून मग बारीक गाळणी वापरली की निभतं. गाळणीतून आलेले पहिले दहा मिली बाटली विसळायला वापरायचे आणि फेकायचे.

पाणी चढताना काय दिसतं? चालकता घसरते. पोटॅशियम आणि सेंद्रिय कार्बन वाढतात, पाणी कोऱ्या चहासारखं होतं. पोटॅशियम पाचोळ्यातून आणि पानांवरून धुऊन येतं, सेंद्रिय कार्बन मातीच्या वरच्या वीतभर थरातून. कॅल्शियम आणि सिलिका उतरतात. बघणारा म्हणेल, आकाशातलं नवं पाणी आलं आणि पऱ्ह्या पातळ झाला. समस्थानिकं मात्र वेगळं सांगतात.

हिशेब बघू. आकडे उदाहरणाचे आहेत; उणे म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या मानाने जड अणू हजारी इतके कमी. पावसाआधी पऱ्ह्यात ऑक्सिजन-१८ उणे २.०, सरीचा पाऊस उणे ५.० आणि शिखरावर पऱ्ह्यात उणे २.९. जुन्या पाण्याचा वाटा म्हणजे पऱ्ह्या आणि पाऊस यांतला फरक भागिले जुनं पाणी आणि पाऊस यांतला फरक: २.१ भागिले ३.०, सत्तर टक्के. भर पुरात, पाऊस कोसळत असताना, पऱ्ह्यातलं सत्तर टक्के पाणी या सरीच्या आधीचं! १९७९ मध्ये स्क्लॅश आणि फारव्होल्डन यांनी कॅनडातल्या छोट्या पाणलोटांवर हेच दाखवलं, आणि त्यानंतर जगातल्या कितीतरी जंगली पऱ्ह्यांवर ते पुन्हापुन्हा आढळलं.

हे विचित्र वाटत असेल तर आगरात उन्हात पडलेला भरलेला पाइप आठवावा. नळ सोडल्याबरोबर टोकाला पाणी येतं, पण येतं ते गरम, पाइपात आधीपासून बसलेलं. नळातलं गार पाणी मागून येतं. धक्का एका क्षणात पोचतो, पाणी स्वतः सावकाश चालतं. जंगलाची माती पाऊस पिऊन घेते, खालचा ओला थर दाबला जातो आणि पऱ्ह्याच्या काठाने जुनं पाणी बाहेर पडतं. जंगल तोडून जमीन घट्ट झाली की पाऊस वरूनच पळतो. तेव्हा हे प्रमाण उलटतं, पूर चढतो तो नव्या पाण्याने.

मग पाणी जुनं असूनही चालकता का घसरली? हे सांगायला दुसरा मागकाढ्या लागतो. समजा पावसात सिलिका शून्य, मातीतल्या पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅम, कातळातल्या पाण्यात २८, आणि शिखरावर पऱ्ह्यात १२.६. नुसता पाऊस आणि कातळ धरून भागाकार केला तर जुनं पाणी ४५ टक्के निघतं, समस्थानिकांशी न जुळणारं. तिसरा भिडू, मातीतलं पाणी, घेतला की कोडं सुटतं: सत्तर टक्क्यांतलं निम्मं, म्हणजे ३५ टक्के, मातीतलं आणि ३५ टक्के कातळातलं. उरलेले ३० टक्के आजच्या सरीचे. मातीतलं पाणीही जुनंच, बहुधा सप्टेंबरमधलं, पण ते धुतलेल्या वरच्या थरात राहिलं, कातळाला शिवलंच नाही. वय आहे, पण संगत हलकी. चालकतेवरून थेट वय काढणाऱ्यांची गल्लत नेमकी इथे होते. उलटी गल्लतही होते: नवं पाणी कुजलेल्या दगडातून काही तास गेलं तरी थोडे क्षार उचलतं आणि स्वतःला जुनं भासवतं. समस्थानिकं असं काही उचलत नाहीत.

या हिशेबाच्या तीन अटी. पाऊस आणि जुनं पाणी यांतला फरक पुरेसा हवा. लेसर यंत्राची ऑक्सिजन-१८ मधली अचूकता सुमारे ०.१, तेव्हा फरक अर्ध्याच्या आत असेल तर उत्तर काढूच नये. कोकणात जुलैच्या सरींत नेमकं हेच होतं: एका सरीत आणि दुसरीत फरकच नसतो. हस्ताचा पाऊस बहुतेकदा जास्त उणा असतो, म्हणून हा मुहूर्त. दुसरं, पावसाचा आकडा म्हणून तोवर पडलेल्या पावसाची मापानुसार भारित सरासरी घ्यायची, शेवटच्या बाटलीची नव्हे. तिसरं, झाडाखालून गळणारं पाणी मोकळ्यावरच्या पावसापेक्षा किंचित वेगळं असतं. दोन नरसाळी झाडाखाली ठेवली तर किती वेगळं ते कळतं.

दिवस चौथा: उतरतं पाणी आणि टेबल

पऱ्ह्या अजून उतरत असतो. रंग जातो आणि नायट्रेट बघण्याची वेळ येते. ते सरीबरोबर वरच्या थरातून निघून येतं, पण खोल वाटेने गेलेल्या पाण्यात कमी होतं, कारण जिथे प्राणवायू संपतो तिथे जिवाणू नायट्रेटचा श्वास घेऊन त्याचा नायट्रोजन वायू करतात. त्याला वेळ लागतो, म्हणून इथे वय खरंच आडवं येतं. सेंद्रिय कार्बनचं तसंच: माती-कातळातले लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड तो धरून ठेवतात, खोलातलं पाणी निवळ येतं.

क्षारता जागेवरच मोजावी, चोवीस तासांत तरी. ५० मिली पाणी, ०.०२ नॉर्मल गंधकाम्ल, पीएच ४.५ पर्यंत. लागलेले मिली गुणिले २० म्हणजे लिटरमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापातली क्षारता, आणि ती गुणिले १.२२ म्हणजे बायकार्बोनेट. सड्याच्या पाण्यात एकच मिली लागतं, एका थेंबाची चूक पाच टक्क्यांची. तिथे १०० मिली पाणी घ्यावं, गुणक १०, आणि ४.५ च्या खालीही थेंब टाकत जाऊन ग्रान पद्धतीने, म्हणजे त्या आकड्यांची सरळ रेषा मागे वाढवून, शेवट काढावा.

प्रयोगशाळेतून आकडे आले की पहिली परीक्षा धन-ऋण भारांची. फरक बेरजेच्या पाच टक्क्यांच्या आत हवा, फार पातळ पाण्यात दहापर्यंत चालेल. सेंद्रिय आम्लं असलेल्या सरीच्या नमुन्यांत ऋण बाजू नेहमी थोडी कमी पडते, ती चूक नव्हे.

मग प्रत्येक घटकाचा आलेख, प्रवाह आणि प्रमाण दोन्ही लॉग मापात. उतार उणे एक आला तर नुसतं पातळ होणं, शून्य आला तर प्रवाह कितीही वाढो प्रमाण तेच, धन आला तर प्रवाहाबरोबर साठा धुऊन येतो आहे. अमेरिकेतल्या ५९ पाणलोटांचा असा अभ्यास २००९ मध्ये गॉडसी, किर्शनर आणि क्लो यांनी केला. दगडातून येणाऱ्या घटकांचे उतार शून्याच्या बरेच जवळ निघाले. पूर आला तरी पऱ्ह्याचं रसायन फारसं न हलण्यामागे तो पाइप आहेच: बाहेर येतं ते बरंचसं जुनंच पाणी.

२०१६ मधला एक अभ्यास २५४ नद्यांचा. नद्यांतलं सुमारे एक तृतीयांश पाणी दोन-तीन महिन्यांच्या आतलं निघालं, आणि तीव्र उताराच्या प्रदेशात नवं पाणी जास्त नव्हे, कमी. तो आकडा काढतात पावसाच्या वर्षभराच्या समस्थानिक लाटेवरून. ती रीत इथे जशीच्या तशी आणू नये. आमच्याकडे आठ महिने पाऊसच नसतो, लाट चार महिन्यांची आणि तुटकी. कोकणासाठी सरीसरीचा हिशेब, आणि कोरड्या महिन्यांत ट्रिशियम (हायड्रोजनचं किरणोत्सारी समस्थानिक), हाच धड मार्ग. ट्रिशियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. त्याला निदान एक लिटर पाणी लागतं, आणि अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं जुनं घड्याळ घालून नमुना घेऊ नये, त्याच्या रंगात कधीकधी ट्रिशियमही असतं.

दिवस पाचवा: राजवाडी आणि तुरळ

परतीच्या वाटेवर, संगमेश्वराजवळ, गरम पाण्याची कुंडं. हेही पाऊसच. अशा झऱ्यांची समस्थानिकं पावसाच्या रेषेजवळ बसतात. पण खोल जाऊन, तापून, फटींतून वर येईतो इतका काळ गेलेला असतो की पऱ्ह्यातल्या वयाची फूटपट्टी इथे पुरत नाही. गंधकाचा वास, जास्त सोडियम आणि क्लोराइड, आणि सिलिका थंड झऱ्याहून कितीतरी जास्त.

सिलिकाचा नमुना इथे वेगळ्या तऱ्हेने घ्यायचा. एक भाग गरम पाण्यात नऊ भाग ऊर्ध्वपातित पाणी जागेवरच मिसळायचं, नाहीतर थंड होताना सिलिका गोळा होते. खोलातलं तापमान काढण्याचं क्वार्ट्झचं सूत्र: १३०९ भागिले (५.१९ उणे सिलिकाचा लॉग), त्यातून २७३ वजा. लिटरला ८० मिलिग्रॅम धरले तर १२५ अंश. चाल्सेडनीच्या (क्वार्ट्झचाच अतिसूक्ष्म स्फटिकांचा प्रकार) सूत्राने, १०३२ आणि ४.६९ घेऊन, तेच पाणी ९७ अंश सांगतं. बेसॉल्टाच्या पोकळ्यांत चाल्सेडनीच भरपूर असते, तेव्हा इथे दुसरा आकडा अधिक विश्वासाचा. कुंडात लोक स्नान करतात, म्हणून नमुना कुंडातून नव्हे तर पाणी फुटतं त्या तोंडातून, तोही पहाटे.

बाटल्या बर्फाच्या पेटीत, चार अंशांवर, सिलिकाची गोठणार नाही अशी मधल्या कप्प्यात. समस्थानिकांच्या बाटल्या उलट्या ठेवून गळती तपासायची. तीस बाटल्यांमागे दोन कोऱ्या, ऊर्ध्वपातित पाण्याच्या, आणि तीन दुबार. याच जागांवर पुढची फेरी जानेवारीच्या मध्यावर, मार्लेश्वराची संक्रांतीची गर्दी ओसरल्यावर, आणि त्यानंतरची मार्चअखेर. तेव्हा सड्याचा झरा आटलेला असला तर ती तारीखही वहीत लिहायची.